बाबांच्या शर्टाचा फ्रॉक, आईच्या साडीचं परकर-पोलकं : जुन्यातून नवं शिवताना



दिवाळीच्या आधी कपाट आवरायला काढलं की प्रत्येक घरात कपड्यांचा एक ढीग निघतोच. कॉलर विरलेला शर्ट, पदराला पिनेची भोकं पडलेली साडी, आखूड झालेली पँट, एकदाच घातलेला पण आता न बसणारा ड्रेस. पूर्वी दारावर बोहारीण यायची, स्टीलचं पातेलं द्यायची आणि हा ढीग घेऊन जायची. आता बराचसा ढीग फरशी पुसायला नाहीतर कचऱ्यात जातो. गंमत म्हणजे पुष्कळ घरांत त्याच कपाटाशेजारी आजीचं शिवणयंत्र कव्हर घालून उभं असतं आणि त्यावर टीव्हीचा रिमोट नाहीतर फुलदाणी ठेवलेली असते.

आजचा पाठ या दोघांना एकत्र आणण्याचा आहे. वापरलेला कपडा उसवून त्यातून घरच्या घरी नवा कपडा कसा शिवायचा, त्यातून मुलं काय काय शिकतात आणि शाळेत हा उपक्रम घेताना कोणती काळजी घ्यायची, हे क्रमाने पाहू.

हे काही नवीन नाही

'अपसायकलिंग' हा शब्द हल्ली कानावर पडतो, पण काम आपल्या घरातलंच आहे. गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेलं पांघरूण. बंगालातला कांथाही असाच, जुन्या साड्या-धोतरांच्या थरांचा. त्यासाठी लागणारा रंगीत दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातून ओढून काढत.

कपड्यातून कपडा करायची वेळ श्रीमंत देशांवरही आली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये गिरण्या आणि कामगार सैन्याच्या कामाला लागले. मग १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि ते मार्च १९४९ पर्यंत चाललं. पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला वर्षभरासाठी ६६ कुपनं मिळाली. सरकारने १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिकाच काढली. आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा, असा तिचा सांगावा. पुरुषांच्या कपड्यांतून बायकांचे आणि मुलांचे कपडे त्या काळात घरोघर शिवले गेले.

आज टंचाई नाही, उलट स्वस्त कपड्यांचा पूर आहे. तरी कापूस पिकवायला पाणी लागतंच. एका सुती टीशर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी खर्च होतं, असा जागतिक सरासरीचा अंदाज नेहमी दिला जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कापूस आणि पाणी दोन्ही त्यांच्या घरातले विषय आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुन्यातून नवं शिवणं दरवेळी स्वस्त पडेलच असं नाही. शिंप्याकडून करून घेतलं तर मजुरी तयार फ्रॉकच्या किमतीइतकी होऊ शकते. पैसे वाचतात ते स्वतः शिवलं तरच. खरी कमाई वेगळी आहे : अंगावरचा कपडा कसा बनतो हे मुलाला कळतं आणि फाटलं की टाकून द्यायच्या आधी त्याचा हात सुईकडे जातो.

आधी कपडा वाचायला शिका

कात्री हातात घेण्याआधी कपडा नीट पाहायचा. प्रत्येक कपडा ठरावीक जागी झिजतो, बाकीचा धड राहतो.

- शर्ट : कॉलरची घडी, कफच्या कडा, कोपरं आणि काख झिजते. पाठ आणि पुढचा खालचा भाग जवळजवळ नवा असतो.
- पँट : बैठक, गुडघे आणि मांड्यांची आतली बाजू जाते. गुडघ्याखालचं कापड चांगलं राहतं. त्यात लहान मुलाची चड्डी आरामात बसते.
- साडी : खालचा काठ पायाशी घासतो आणि खांद्यावर पिनेची भोकं पडतात. कमरेशी खोचलेला आतला पहिला वेढा मात्र ऊन-वारा न लागल्याने ताजा राहतो. रेशमी साडी असेल तर घड्या उलगडून पाहा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं.
- पंजाबी ड्रेस : कुर्ता काखेत जातो, ओढणी बहुतेक वेळा कोरीच असते. ती अस्तराला उत्तम.

आता तीन सोप्या परीक्षा घ्या. पहिली, कापड खिडकीसमोर उजेडात धरा. जिथून जास्त उजेड येतो तिथे ते विरलं आहे. खडूने तिथे फुली मारा. दुसरी, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड हलकेच ताणा. 'चर्र' आवाज आला तर त्यातून कपडा शिवू नका, पुसणं करा. तिसरी, पांढरं फडकं ओलं करून कापडावर घासा. रंग उतरला तर दुसऱ्या रंगाशी जोडण्याआधी ते दोन-तीनदा वेगळं धुवा.

कापड सुती की पॉलिएस्टर, हे ओळखायला एक धागा पुरतो. मोठ्या माणसाने चिमट्यात धागा धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून तो मेणबत्तीवर धरायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. मिश्र कापडात थोडं हे, थोडं ते दिसतं. विज्ञानाच्या तासाला धाग्यांच्या प्रकरणात हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा, मुलांच्या हातात देऊ नये.

कपडा बाहेरून आणलेला असेल, जुन्या बाजारातला किंवा ओळखीच्यांनी दिलेला, तर आधी गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा आणि इस्त्री करा. लोकरी-रेशमी कपड्याला मात्र गरम पाणी नको. चुरगळलेल्या कापडावर घेतलेलं माप नेहमी चुकतं.

बाबांच्या शर्टाचा फ्रॉक

पाच वर्षांच्या मुलीचा बिनबाह्यांचा फ्रॉक धरू. छाती २२ इंच, खांदा साडेनऊ इंच, उंची २२ इंच. तुमच्या मुलीची मापं घेऊन आकडे बदला, रीत तीच. शर्ट साधारण ४० नंबरचा, शक्यतो खाली गोलाई असलेला घ्या.

*साहित्य* : शर्ट, वर्तमानपत्र, टेप, खडू, टाचण्या, कात्री, दोरा आणि टाके उसवायचं छोटं हत्यार. मशीनला साध्या सुती कापडासाठी १४ नंबरची सुई चालते.

*कागदावर आकृती* : शर्टाची बटणं लावून तो बटणांच्या रेषेवर उभा दुमडायचा आहे, म्हणून आकृती अर्ध्या फ्रॉकचीच काढायची. कागदाची सरळ कड म्हणजे मधली घडी. तिच्यापासून मोजा.

१. उंची २२ इंच अधिक खांद्याच्या शिलाईला अर्धा इंच, म्हणजे साडेबावीस.
२. गळ्याची रुंदी सव्वादोन इंच. पुढचा गळा अडीच इंच खोल, मागचा सव्वा इंच.
३. खांदा घडीपासून पावणेपाच इंच, टोकाला पाऊण इंच उतार.
४. मुंढा वरून साडेपाच इंच खाली. त्या रेषेवर छातीची रुंदी : २२ चा चौथा भाग साडेपाच, सैलपणाला एक इंच, शिलाईला अर्धा इंच, एकूण ७ इंच.
५. खाली घेर १० इंच. छातीच्या टोकापासून घेराच्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढा. मुंढा आणि गळ्याला गोलाई द्या.

*कापणी* : कॉलर आणि बाह्या कापून बाजूला ठेवा, टाकू नका. शर्ट दुमडून चारही थर सपाट करा. कागदाची खालची बाजू शर्टाच्या खालच्या कडेला लावा. शर्टाची गोलाई आणि तिची शिवलेली कड तशीच राहू द्या. फ्रॉकला छान दिसते आणि दुमडायचं काम वाचतं. आता एक महत्त्वाची गोष्ट तपासा : गळ्याच्या कडेखाली साधारण पाऊण इंचावर बटण येतंय का? येत नसेल तर कागद थोडा वर सरकवा. फ्रॉक इंच-दोन इंच लांब होईल, हरकत नाही. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचेच शिवतात. टाचण्या लावून आधी मागचा, उथळ गळा कापा. मग फक्त पुढच्या भागाचा गळा खोल करा.

*शिलाई* : आधी दोन्ही खांदे जोडा. मग गळा आणि मुंढ्यांना उरेब पट्टी लावा. ती पट्टी बाह्यांच्या कापडातून निघते. उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी, ४५ अंशांच्या कोनात सव्वा इंच रुंदीची पट्टी कापायची. मुलांना इथे थांबवून एक गोष्ट करायला सांगा : कापडाचा तुकडा आधी उभा ओढा, मग आडवा, मग तिरका. तिरका ओढला की तो ताणतो, कारण धागे सरकायला जागा असते. म्हणूनच गोलाईवर उरेब पट्टी बसते आणि सरळ पट्टीला सुरकुत्या पडतात. पट्ट्या लागल्या की शेवटी दोन्ही बाजू जोडा. मापापेक्षा घट्ट होईल अशी शंका असेल तर आधी हाताने कच्चा धावदोरा घालून फ्रॉक मुलीच्या अंगाला लावून पाहा.

कमरेखालची बटणपट्टी आतून टीप मारून बंद करा, खेळताना उघडणार नाही. काजं करायचं काम शर्टाने आधीच करून ठेवलं आहे, हा या फ्रॉकचा सगळ्यात मोठा फायदा. खिसा मात्र उसवण्याआधी विचार करा. त्याखालचं कापड उन्हापासून वाचलेलं असतं आणि चौकोनी गडद डाग उघडा पडतो. खिसा आहे तिथेच ठेवला तर मुलीला रुमाल ठेवायला होतो.

आईच्या साडीचं परकर-पोलकं

हे शिवण आणखी सोपं, कारण साडीचा काठ परकराच्या खालच्या कडेचं काम करतो. आठ वर्षांच्या मुलीसाठी परकराची उंची २८ इंच धरू. वाढत्या अंगासाठी काठाच्या वर दोन आडव्या टक घाला. एकेक टक अर्धा इंच खोल, म्हणजे प्रत्येकीत एक इंच कापड जातं. नाडीच्या नेफ्याला दीड इंच. एकूण साडेएकतीस इंच. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. वर साडेतेरा इंचांची काठाची पट्टी उरते, तिच्यातून काठवाल्या बाह्या निघतात. पोलक्याची पाठ आणि पुढचा भाग पदरातून काढा. घेराला दोन ते अडीच मीटर कापड पुरतं.

खालचा काठ झिजला असेल तर साडी उलटी करा. वरचा काठ कमरेला खोचलेला असल्याने फारसा घासत नाही, तो परकराच्या खाली घ्या. पुढच्या वर्षी मुलगी उंच झाली की एक टक उसवायची, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. टक उसवल्यावर तिथे रंगाची एक रेघ दिसते. तिच्यावर लेस किंवा साधा रंगीत धावदोरा घातला की झाकली जाते.

शाळेत घेताना

हातकामातून शिक्षण ही कल्पना आपल्याच मातीतली. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवायची कल्पना मांडली, तीच पुढे नयी तालीम झाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, त्यात मुलांनी स्थानिक कारागिरांकडून शिकायचं आहे. गावातला शिंपी किंवा शिवणकाम करणाऱ्या एखाद्या ताई यासाठी आनंदाने येतील.

फ्रॉक शाळेत होणार नाही, तेवढा वेळ नसतो. पण चार तासांत एवढं नक्की होतं :

१. पहिला तास : कपडा वाचणे. गटाला एक कपडा द्या. कुठे झिजला, का झिजला, किती कापड वापरता येईल, हे वहीत लिहायचं.
२. दुसरा तास : मापं आणि कागदी आकृती. छातीचा चौथा भाग, पाव-अर्धा-पाऊण इंच, एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. 'अपूर्णांक कशाला शिकायचे?' या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं.
३. तिसरा तास : हातशिलाई. धावदोरा, बखिया आणि बटण लावणे. मुलगे आणि मुली दोघांनीही.
४. चौथा तास : शर्टाच्या बाहीची पिशवी. कफ कापून टाका. त्या टोकाला टीप मारून ते बंद करा आणि वरच्या बाजूला नेफा करून नाडी ओवा.

सुया मोजून द्या आणि मोजून परत घ्या. कात्री गटाला एकच. लहान मुलांच्या कपड्याला गळ्याशी नाडी लावू नका, अडकली तर गळ्याला फास बसू शकतो.

'दुसऱ्याचं घातलंय!'

आता या विषयातला सगळ्यात नाजूक भाग. वर्गात काही मुलं मोठ्या भावंडांचे, काही आई जिथे कामाला जाते त्या घरचे कपडे घालून येतात. ती हे कुणाला सांगत नाहीत. खांदे उतरलेले असतात, बाह्या दुमडलेल्या असतात, आणि एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी ओरडतं, 'हा माझा जुना शर्ट आहे!' त्यानंतर ते मूल तो शर्ट पुन्हा घालत नाही. कधी कधी शाळेतही येत नाही.

म्हणून 'उद्या घरून जुना कपडा घेऊन या' असं वर्गात सांगू नका. ज्याच्या घरी जुना कपडा हाच रोजचा कपडा आहे, त्याने काय आणायचं? आणि एकाने आणलेला ब्रँडचा शर्ट, दुसऱ्याने आणलेलं फाटकं, ही तुलना तिथेच सुरू होते. शिक्षकांनी आणि इच्छुक पालकांनी कपडे आधी गोळा करावेत, धुऊन एका खोक्यात ठेवावेत आणि त्यातून गटांना द्यावेत. कुणाचा कपडा कुणाकडे गेला, हे कळता कामा नये.

घरी पालकांनीही थोडं लक्ष द्यावं. ताईचा फ्रॉक धाकटीला जसाच्या तसा दिला तर तो ताईचाच राहतो. पण धाकटीच्या मापाने उसवून, तिच्या आवडीच्या रंगाची पट्टी लावून, तिला बटणं निवडायला लावून शिवला तर तो तिचा होतो. कपडा कुणाला द्यायचा असेल तेव्हाही हेच. बटणं लावून, उसवलेली शिवण घालून, इस्त्री करून द्या. आपण स्वतः घालणार नाही इतका गेलेला कपडा देऊच नका.

आणि मुलांना एक प्रश्न विचारा : जन्मल्यावर तुमच्या अंगावर पहिलं कापड कोणतं होतं? घरी जाऊन विचारून यायला सांगा. पुष्कळ घरांतून उत्तर येईल की आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं, आजोबांच्या धोतराची लंगोटी. कोरं कापड बाळाला टोचतं आणि शेकडो वेळा धुतलेलं कापड मऊ लागतं, म्हणून मुद्दाम जुनं वापरायचे. म्हणजे वर्गातल्या बऱ्याच जणांनी आयुष्याची सुरुवात दुसऱ्याच्या वापरलेल्या कपड्यानेच केली आहे, शिक्षकांनीसुद्धा! हे फळ्यावर लिहून झालं की 'दुसऱ्याचं' या शब्दाची धार बरीच बोथट होते.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्याच दिवशी साडीला कात्री लावू नका. या रविवारी कव्हर काढून मशीनला तेल द्या आणि फडक्यावर सरळ टीप मारायचा सराव करा. पुढच्या रविवारी बाहीची पिशवी, त्याच्या पुढच्या रविवारी फ्रॉक. मशीन नसेल तर पिशवी हातशिलाईने दोन संध्याकाळींत होते, फ्रॉकला आठवडा लागेल. उसवायचं काम मुलांना द्या. शिवण उलटी उसवत गेलं की कपडा कसा जोडला होता, कोणती शिवण आधी आणि कोणती नंतर, हे त्यांना आपोआप समजतं. निघालेली बटणं एका बरणीत जमवा, पुढच्या कपड्याला ती लागणारच आहेत.